शरीराचं घड्याळ उजेडाशी कसं जुळतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जैविक घड्याळाचं सर्वांत सोपं मॉडेल संगणकावर मांडलंय, पण ते दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळतच नाही. कुठे चुकत असेल? (एम.एस्सी. विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : आधी एककं तपासा. समीकरण एका ओळीचं आहे : फरक बदलण्याचा दर = (घड्याळाचा वेग − दिवसाचा वेग) − क × साइन(फरक). फरक म्हणजे घड्याळाची फेज (फेऱ्यातली त्या क्षणाची जागा) वजा दिवसाची फेज. क म्हणजे उजेडाचा जोर. उजेडाचा आधार नसताना माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी २४.२ तासांचा, म्हणजे वेग तासाला ०.२५९६ रेडियन, दिवसाचा ०.२६१८. वजाबाकी −०.००२२. क ०.००२२ पेक्षा मोठा असेल तरच घड्याळ जुळतं. क = ०.०१२ घेतलात तर ते जुळतं, पण सुमारे ४२ मिनिटं मागे राहून. हे मागे राहणं बरोबरच आहे, ते दुरुस्त करायला जाऊ नका. वेग तासाचा आणि क दिवसाचा, किंवा साइनला अंश दिलेले, या दोन चुका नेहमीच्या. गणनेची पायरी ०.१ तासाची पुरते. शेवटी दिवस २८ तासांचा करून पाहा : वजाबाकी ०.०३५ होते, ती या क-ला पेलत नाही. तरीही घड्याळ जुळलेलं दिसलं, तर कोडमध्ये चूक आहे.

प्रश्न : फाउंड्रीत दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळी अंगवळणी का पडत नाही? (कामगार, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : कारण आठवडा अपुरा पडतो. वरच्याच आकड्यांनी घड्याळ दिवसाला फार तर १.३ तास उशिराकडे सरकतं आणि लवकरकडे जेमतेम ०.९ तास. आठ तासांचा बदल उशिराकडे न्यायलाही सहा दिवसांहून जास्त लागतात, आणि फरक कमी होत जाईल तसा वेगही मंदावतो. म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशाच क्रमाने फिराव्यात. उलटा क्रम शरीराला जड जातो, हे व्यवस्थापनाला आवर्जून सांगण्यासारखं आहे.

दुसरी अडचण सकाळच्या उन्हाची. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. त्याआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. सहाला उठणारा माणूस पहिल्या रात्रपाळीनंतर सातला उन्हातून घरी गेला, की रात्रीत जे साधलं त्यातलं बरंच जातं. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेड, परतताना गडद चष्मा, झोपायला पूर्ण काळोख. डोळे मिटत असतील तर मात्र गाडी चालवू नका, चष्मा असो वा नसो.

एका ओळीच्या मॉडेलला उजेडाची ही वेळ दिसत नाही. त्यासाठी क्रोनाउअर पद्धतीचं, म्हणजे उजेड कोणत्या वेळी पडला हेही धरणारं मॉडेल लागतं.

प्रश्न : लक्समीटरचा (उजेड मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा थेट क म्हणून वापरू का?

उत्तर : नको. फोर्जर, ज्यूएट आणि क्रोनाउअर यांच्या १९९९ च्या मॉडेलमध्ये लक्सला ९५०० ने भागून वर्गमूळ घेतात : १०० लक्सला ०.१, तर १०,००० लक्सला १.०३. उजेड शंभरपट, जोर दहापटच. शिवाय लक्स हे माप हिरवट उजेडाला झुकतं, तर घड्याळाला खबर देणारं डोळ्यातलं मेलानोप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याला. त्यामुळे पिवळा बल्ब आणि पांढरा एलईडी सारखे लक्स दाखवत असले, तरी घड्याळावरचा परिणाम पांढऱ्याचाच जास्त.