मोबाइल दाखवल्याशिवाय चार वर्षांचा मुलगा जेवत नाही, काय करू?

आमच्याकडेही हेच होतं. मी चर्चगेटहून बोरिवलीला पोचेपर्यंत आठ वाजायचे, सासूबाई दमलेल्या, मग मोबाइल लावून घास भरवणं सोपं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे या वयात दिवसाला १ तासाहून जास्त स्क्रीन नको. जेवताना तर नकोच. पोट भरल्याचं मुलाच्या लक्षातच येत नाही.

बंद करायचा तर सगळ्यांनी, आजोबांच्या फोनसकट (आमचं घोडं तिथेच अडलं होतं). दोन-चार दिवस रडारड होईल, अर्धपोटी उठेल. उठू दे, ताट घेऊन मागे धावू नका. वरणभात त्यालाच कालवू द्या, सांडेल थोडा. वजन घटत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.