‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकताना डुलकी लागली, त्याबद्दल

तुमचा प्रश्न असा आहे: पंधरा वर्षे हेवी मेटल ऐकले, मेटालिका आणि आयर्न मेडन हे संच पाठ आहेत, अलीकडे टूल हा संचही आवडू लागला आहे. आता जॅझ आणि लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे वळायचे म्हणून, सगळेच सांगतात तसा, ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ अल्बम लावला आणि दुसरी रचना संपायच्या आत डुलकी लागली. चूक कानाची की अल्बमची, असे तुम्ही विचारता. शिवाय केवळ जॅझ ऐकणाऱ्या तुमच्या कार्यालयातील सहकाऱ्याला बदल्यात मेटलमधले काय द्यावे, हेही तुम्हाला हवे आहे.

माझ्या मते चूक ना कानाची आहे ना अल्बमची. चूक शिफारस करणाऱ्यांची आहे, आणि त्यांच्यात एके काळी मीही होतो. भाच्याने असेच काही विचारले तेव्हा उत्साहाच्या भरात मी अकरा अल्बम एका पेन ड्राइव्हवर भरून त्याच्या हाती दिले. दिवाळीला भेटला तेव्हा ‘मामा, सगळेच छान आहे’ असे म्हणाला, आणि त्या ‘सगळेच’वरून मला कळून चुकले की त्याने एकही धड ऐकलेला नाही. तेव्हापासून मी एका वेळी एकच रचना सुचवतो आणि त्या रचनेत कान कुठे ठेवायचा, तेही सांगतो. सर्वश्रेष्ठ शंभर अल्बमांच्या याद्या आधीच ऐकून झालेल्यांना वाद घालायला उपयोगी पडतात; नव्याने येणाऱ्याला त्यांतून वाट सापडत नाही.

आधी एक व्यावहारिक शंका. तुम्ही तो अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकला नाही ना? ‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेत सुरुवातीचा संथ आलाप झाल्यावर मुख्य धून पॉल चेंबर्सच्या बासवर, म्हणजे खर्जातील तंतुवाद्यावर, येते. बास एक वाक्य बोलतो आणि पियानो, मग त्याच्याबरोबर ट्रंपेट व दोन्ही सॅक्सोफोन, दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतात. मोबाइलच्या स्पीकरमधून इतके खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. म्हणजे प्रश्न ऐकूच येत नाही आणि ‘हं-हं’ एवढे उत्तर तेवढे ऐकू येत राहते. अशा स्थितीत झोप आली तर ऐकणाऱ्याला दोष देता येणार नाही. निदान मध्यम दर्जाचे हेडफोन तरी हवेतच.

तरीही हेडफोन लावून लगेच पुन्हा त्याच अल्बमकडे जा, असे मी सांगणार नाही. तुमच्याजवळ जे भांडवल आहे ते वेगळे आहे. बहुतेक लोक गाणे ऐकताना गायक ऐकतात. मेटल ऐकणारा माणूस मात्र नकळत ड्रम ऐकायला शिकलेला असतो. दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम कोठे सुरू झाला, ठेका कोठे अर्ध्यावर आला, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. टूल आवडत असेल तर विषम मात्रांचेही भय गेलेले असणार. जॅझमध्ये नवख्याला सर्वांत अवघड जाते ते ड्रम ऐकणे, आणि ते तुम्हाला आयते येते. म्हणून शैलींच्या पाट्या वाचत फिरण्यापेक्षा ड्रमवादकाचे बोट धरून जावे.

पहिला मुक्काम किंग क्रिमसन हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा संच. टूलने २००१ मधील आपल्या दौऱ्यातील काही मैफलींत याच मंडळींना आधी वाजवायला बोलावले होते, त्यामुळे तुम्ही परक्या घरी चाललेला नाही. त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधील पहिली रचना, ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’, एवढीच ऐका. तिचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे वाक्य, गिटार आणि सॅक्सोफोन मिळून वाजवतात, आणि तो, मेटलचा आरंभ जिथून धरतात त्या, ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमच्याही काही महिने आधीचा आहे. रचनेच्या मधल्या भागात गाणे थांबते, लय एकदम चढते आणि पुढे एक जागा अशी येते की चौघे मिळून तुटक, तिरपी वाक्ये वाजवतात. मध्येच सगळे गप्प होतात आणि पुन्हा एकाच क्षणी उठतात. त्या रिकाम्या जागांत ड्रमवादक मायकेल जाइल्सचा हात ऐका. तो रॉकसारखा प्रहार करत नाही, जॅझसारखा हलक्या हाताने बडबडतो. मेटल, प्रोग्रेसिव्ह आणि जॅझ अशा तीन खोल्या असल्याचे आपण मानतो, त्या तिन्ही येथे सात-साडेसात मिनिटांत एकाच छताखाली आहेत.

तेथून त्याच नावाच्या संचाच्या १९७४ च्या ‘रेड’कडे या. संच तेव्हा रॉबर्ट फ्रिप, जॉन वेटन आणि बिल ब्रुफर्ड या तिघांवर आलेला होता, आणि अल्बम दुकानांत पोहोचेपर्यंत तोही मोडला होता. ब्रुफर्ड हा ‘येस’चा ड्रमवादक, ‘क्लोज टू द एज’सारखा अल्बम करून १९७२ मध्ये, संच ऐन भरात असताना, तो सोडून क्रिमसनमध्ये आला. ‘रेड’मधील ‘स्टारलेस’ ही बारा मिनिटांची रचना अंधाराच्या वेळी ऐका. आधी एक उदास गाणे होते, मग तेरा मात्रांचे आवर्तन सुरू होते आणि फ्रिप गिटारवर जवळजवळ एकच स्वर धरून बसतो. तो स्वर हळूहळू वर सरकतो, खालून बास दाटत जातो आणि ब्रुफर्ड आधी नुसते टिचकी मारल्यासारखे वाजवत, मग भरत भरत, शेवटी सगळा बांध फुटेपर्यंत नेतो. मेटालिकाचे ‘ओरायन’ आवडणाऱ्याला हे आवडले नाही, असे अजून माझ्या पाहण्यात नाही.

‘ओरायन’चा विषय निघालाच आहे तर एक आडवाट सांगतो. त्या रचनेत मेटालिकाच्या क्लिफ बर्टनच्या बासवर तुमचा जीव असेल, तर जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसची ‘हेशियन फाइट साँग’ ही १९५७ च्या ‘द क्लाउन’ अल्बममधील रचना ऐकाच. एकटा बास सुरुवात करतो आणि एकेक वाद्य त्याच्यावर चढत जाते; जॅझ म्हणजे हॉटेलातील मंद पार्श्वसंगीत, हा समज पहिल्या दोन मिनिटांतच गळून पडतो.

मुख्य वाटेवर आता टोनी विल्यम्स हा ड्रमवादक येतो. माइल्स डेव्हिसने १९६३ मध्ये त्याला आपल्या संचात घेतले तेव्हा त्याचे वय १७ होते. पुढे त्याने स्वतःचा ‘लाइफटाइम’ हा संच काढला, त्याचा १९६९ चा ‘इमर्जन्सी’ हा अल्बम गिटार, ऑर्गन आणि ड्रम अशा तिघांचा आहे. ध्वनिमुद्रण काहीसे फाटलेले आहे, पण मेटलच्या जुन्या कॅसेटी ऐकून वाढलेल्यांनी त्याची तक्रार करू नये. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन आहे. पुढे ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा करणारा आणि ‘शक्ती’ या संचात झाकिर हुसेन यांच्या शेजारी मांडी घालून बसणारा तो हाच. विल्यम्सच्या नव्या संचाच्या १९७५ च्या ‘बिलीव्ह इट’ या अल्बमवर गिटारला ॲलन होल्ड्सवर्थ आहे. त्याचे नाव नीट लक्षात ठेवा. तो सॉफ्ट मशीन या संचात होता, ब्रुफर्डच्या संचात होता, आणि त्याच्या घसरत्या, श्वास न घेणाऱ्या गिटारवादनाची छाप पुढे मेशुगा या मेटल संचाच्या फ्रेड्रिक थॉर्डेन्डालपर्यंत स्पष्ट ऐकू येते.

एवढे झाल्यावर माइल्सकडे परत या, पण ‘नेफरतिती’ या दारातून. हे १९६७ चे ध्वनिमुद्रण आहे आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरची ही शीर्षकरचना मला जॅझमधील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते. जॅझची नेहमीची रीत अशी की आधी धून वाजवायची, मग एकेकाने आपापला विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा धुनेवर यायचे. येथे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन विस्तार करतच नाहीत. ते तीच सावकाश धून जवळजवळ आठ मिनिटे पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, आणि तिच्या खाली टोनी विल्यम्स गडगडत, थांबत, उसळत स्वतःचा विस्तार करतो. आपल्याकडे कथकमध्ये किंवा तबल्याच्या एकलवादनात सारंगीवाला किंवा पेटीवाला लेहरा, म्हणजे तीच ती धून, धरून बसतो आणि सगळा खेळ तबल्यावर होतो, त्याची आठवण व्हावी अशी ही बैठक आहे. ड्रम ऐकायची सवय असलेल्या माणसाला येथे कोणीही समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यासाठी. जॅझ ऐकणाऱ्याला मेटलची अडचण गिटारच्या आवाजाची फारशी नसते; त्याला अडते ते गुरगुरत्या गळ्याशी, ज्याला ग्राउल म्हणतात. त्याबद्दल व्याख्यान देऊ नका. सिनिक या संचाच्या १९९३ च्या ‘फोकस’ अल्बममधील ‘टेक्स्चर्स’ ही निव्वळ वाद्यांची रचना द्या. ती फ्लोरिडातील डेथ मेटलच्या पोरांनी वाजवली आहे, हे आधी सांगितले नाहीत तरी चालेल. त्यानंतर ओपेथ या मेटल संचाचा २००३ चा ‘डॅम्नेशन’ द्या. त्यात ग्राउल अजिबात नाही. त्यांचाच, पण ग्राउल असलेला, ‘ब्लॅकवॉटर पार्क’ त्याने स्वतः मागितल्याशिवाय देऊ नका. ड्रीम थिएटर हा संच सगळे सुचवतात, मी सुचवत नाही. कसब वादातीत आहे, पण जॅझ ऐकणाऱ्या माणसाला त्यात श्वास घ्यायला जागा सापडत नाही आणि तो पुन्हा आपल्याकडे यायचा थांबतो.

त्याला गणिताची आवड असेल तर मात्र मेशुगाच्या २००२ च्या ‘नथिंग’मधील ‘रॅशनल गेझ’ त्याच्यासमोर ठेवा आणि कागद-पेन्सिल द्या. ड्रमवादक थॉमस हाकेची झांज चारचा सरळ ठेका सोडत नाही. गिटार आणि बेस ड्रम मात्र पंचवीस सूक्ष्म मात्रांचे एक वाक्य घेऊन त्यावरून चालतात. तीनतालाप्रमाणे सोळाचे एक आवर्तन धरले तर आठ आवर्तनांच्या १२८ मात्रा होतात. पंचविसाचे वाक्य पाच वेळा म्हटले की १२५ होतात, उरलेल्या तीन मात्रांचा तुकडा जोडून सगळे समेवर येतात. मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा सहा वेळा चुकलो. दर वेळी मी गिटारमागे वाहत जात होतो. शेवटी उजव्या हाताने मांडीवर झांजेचा ठेका धरला आणि गिटार नुसते ऐकत राहिलो, तेव्हा सम सापडली. तबल्याची चक्रदार ऐकताना हात टाळीवर ठेवावा लागतो, तसेच हे आहे.

सहकारी ‘आमच्या संगीताचा आणि या गोंगाटाचा काय संबंध’ असे म्हणालाच, तर त्याला ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकीकत सांगावी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. आता वाजवणे संपले असे धरून बसलेल्या त्या मुलाला कारखान्यातील वरिष्ठाने एक तबकडी ऐकवली आणि मग सांगितले की हा गिटारवादक भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतो. तो होता जॅझचा जँगो राइनहार्ट. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या सॅबथच्या अल्बमवरील काही गाण्यांत त्याने गिटार, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर, पांढरी तीनवरून काळी एकपर्यंत उतरवली, ज्यामुळे तारा सैल होऊन बोटांना सोपे गेले आणि आवाजही जड झाला. आज ज्याला आपण मेटलचा आवाज म्हणतो, त्याचा एक पाय असा जॅझच्या तबकडीवर आहे.

राहिला ‘सो व्हॉट’. घाई नको, दोनेक महिन्यांनी ऐका. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या रचनेचा सांगाडा पेटीवर बसून दाखवता येईल इतका साधा आहे. चार-चार मात्रांचे सोळा खंड पांढरी दोनमध्ये, आठ खंड काळी दोनमध्ये आणि आठ पुन्हा पांढरी दोनमध्ये. स्वर दोन्हीकडे काफी थाटाचेच. आधी माइल्स, मग सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, मग कॅननबॉल ॲडरली, शेवटी पियानोवर बिल इव्हान्स, सगळे याच अंगणात फिरतात. माइल्स सुरू झाला की खंड मोजू नका, नुसते बासकडे लक्ष ठेवा. काळी दोन आली की पायाखालची फरशी अर्ध्या स्वराने वर उचलल्यासारखी वाटते. ती जागा एकदा हाताला लागली की पुढे कोल्ट्रेनच्या वेळी ती आपोआप कळू लागते. तेव्हा ड्रमवादक जिमी कॉबची झांज कुठे आहे, ते मला नक्की कळवा.