शाप, तळतळाट की आण? आयरिश ‘गेश’ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आलाय की एक ताई टीनएजर मुलांसाठी मराठीत फँटसी कादंबरी लिहितायत, गोष्ट आयर्लंडमधली, १४ वर्षांची नायिका, घराण्यावर जुना शाप. त्यांनी आत्ता ‘कौटुंबिक शाप’ असं लिहिलंय आणि ते त्यांनाच खटकतंय. शिवाय आयरिश कथांमध्ये ‘गेश’ नावाचा प्रकार येतो, त्यालाही शाप म्हटलं तर चालेल का, असं विचारलंय.

पहिल्याचं सोपं आहे. कौटुंबिक नको. कौटुंबिक म्हटलं की मालिका नाहीतर कोर्ट आठवतं. आपण बोलताना काय म्हणतो, तर ‘त्या घराण्याला शाप आहे’, ‘त्यांच्या कुळाला शाप लागलाय’. शाप देणारा देतो पण घराण्याला तो ‘लागतो’, हे लागणं महत्त्वाचं, दृष्ट लागते हाय लागते तसंच, त्यात पुढच्या पिढीची काहीच चूक नसते तरी भोगावं लागतं हे आपोआप येतं.

पण मी शापच्या आधी तळतळाट या शब्दाचा विचार करेन. आयरिश कथांमधला सगळ्यात प्रसिद्ध पिढ्यान्पिढ्यांचा शाप माखाचा. अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातल्या एका माणसाने भरसभेत बढाई मारली की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा जोरात पळते. ही बायको म्हणजे माखा. राजाने तिला बोलावून घेतलं, ती दिवस भरलेली, ती गयावया करत होती की बाळंत होईपर्यंत तरी थांबा, कुणी ऐकलं नाही. ती धावली, जिंकली आणि तिथेच शर्यतीच्या शेवटाला जुळ्यांना जन्म दिला, आणि त्या वेणांमध्येच बोलली की अल्स्टरच्या पुरुषांवर ऐन संकटाच्या वेळी बाळंतपणाच्या कळा येतील, पाच दिवस आणि चार रात्री, नऊ पिढ्या. त्या जागेचं नावच पडलं एवन माखा, म्हणजे माखाची जुळी, आर्मा शहराजवळचा नॅव्हन फोर्ट तो हाच. आता सांगा, हा दुर्वासासारखा शाप आहे का? दुर्वासाकडे तपाचं बळ होतं, अपमान झाला की शाप. माखा मानवी बाई नव्हती असं कथेत सूचित होतं हे खरं, पण तिचं बोलणं आतून जळून आलेलं आहे, आणि मराठीत त्याला तळतळाटच म्हणतात. ‘बाईचा तळतळाट घेऊ नये रे’ असं आमच्या गावाकडच्या बायका अजून म्हणतात. तेव्हा नायिकेच्या आजीच्या तोंडी तळतळाट आणि निवेदनात शाप असं वाटून दिलंत तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील.

आता गेश. एकवचन गेश, अनेकवचन साधारण ‘ग्यासा’. हा शाप नाहीच. गेश म्हणजे एखाद्या माणसावर असलेलं बंधन, अमुक करायचं नाही किंवा अमुक केलंच पाहिजे, आणि ते मोडलं की सर्वनाश. आयरिश कथांमधला मोठा वीर कूखुलिन, त्याचं उदाहरण बघा. त्याच्या नावाचाच अर्थ कुलानचा कुत्रा, म्हणून कुत्र्याचं मांस त्याला वर्ज्य. आणि दुसरं बंधन असं की कुणाच्या चुलीवरून काही न खाता पुढे जायचं नाही. शेवटच्या लढाईला निघाल्यावर वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्रा भाजत बसलेल्या, खा म्हणून आग्रह करतात. खाल्लं तर एक मोडतं, नाही खाल्लं तर दुसरं. त्याने हातात घेतलं आणि तो हातच लुळा पडला. याला शाप म्हटलं तर त्या प्रसंगातली अडकित्त्यासारखी पकडच जाते.

माझ्या मते इथे आपला जुना शब्द आहे, आण. आणाभाका मधली आण. ‘तुला माझी आण आहे’ असं म्हटलं की समोरचा बांधला जातो, त्याची इच्छा असो नसो. डिअरमिड आणि ग्रॉन्याच्या कथेत हेच होतं, ग्रॉन्याचं लग्न म्हाताऱ्या सेनानायक फिनशी ठरलंय आणि ती भर मेजवानीत त्याच्याच एका योद्ध्यावर, डिअरमिडवर, गेश घालते की मला इथून घेऊन चल. मराठीत हे एका ओळीत येतं, ‘तिने त्याला आण घातली’. घातली हे क्रियापद सुद्धा आयतं मिळतं.

गंमत म्हणजे शाप आणि शपथ हे दोन्ही एकाच ‘शप्’ धातूचे. आणि वेल्श कथांमध्ये गेशसारखंच जे आहे, जिथे आई आपल्या मुलावर तीन बंधनं घालते, त्याला ‘तंगेद’ म्हणतात, तो शब्द त्यांच्या शपथ घेणे या क्रियापदाच्याच नात्यातला. म्हणजे शाप आणि शपथ यांच्यामधली ही जागा दोन्हीकडे आहे, फक्त तिचं आपल्याकडचं नाव, आण, आपण विसरत चाललोय.

जन्मापासून असलेल्या गेशसाठी मात्र आण चालणार नाही, कारण ती कुणी घातलेली नसते. तिथे ‘लाभत नाही’ वापरा. आमच्या परसात खूप जागा होती पण शेवगा कधी लावला नाही, आजी एवढंच म्हणायची, ‘आपल्याला लाभत नाही.’ का, कधीपासून, काही नाही. तो सूर नायिकेच्या आजीला दिला तर पोरांना गेश समजावून सांगायचीही गरज पडणार नाही.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात ‘शाप तोडला’ आहे. हे इंग्रजीतून आलंय. इंग्रजीत शाप आणि गेश दोन्हीला तोडण्याचं एकच क्रियापद लागतं पण अर्थ उलटे, एकात सुटका दुसऱ्यात मरण. मराठीत हा घोळ होतच नाही, कारण शाप उतरतो, सरतो, त्याला उःशाप मिळतो, आणि मोडते ती आण. तुमची नायिका घराण्याचा शाप उतरवण्यासाठी स्वतःची आण मोडते अशी गोष्ट असेल तर हे दोन शब्द एका वाक्यात ठेवा, वाचणाऱ्याला बरोब्बर कळेल की तिने काय पणाला लावलंय.

शेवटचं, तुमच्या उताऱ्यात बॅनशीला, म्हणजे आयरिश लोककथांमधल्या त्या रडणाऱ्या बाईला, हडळ केलंय ते प्लीज बदला. ती कुणाला धरत नाही, जुन्या घराण्यातलं माणूस जाणार असलं की त्या घरासाठी रडते. बॅनशीच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘घराण्याची रडणारी’ म्हणा.