थंडीत, नकाशा हातात घेऊन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. लेकीच्या मैत्रिणीचे आईबाबा नेहमी ओरिएंटिअरिंगला, म्हणजे नकाशा बघत रानात ठरावीक खुणा शोधायच्या खेळाला, जातात, आता जानेवारीत सटन पार्कला आहे आणि आम्हालाही चला म्हणून मागे लागलेत. लेक ९ वर्षांची आहे, ती तर आत्तापासूनच तयार. मी पुण्यात असताना राजमाची, हरिश्चंद्रगड केलेत, पण नकाशा कधी हातात धरला नाही, दगडावरचे बाण बघायचे नाहीतर गावात कुणाला तरी वाट विचारायची. इथे सकाळी २-३ डिग्री असतं. एवढ्या थंडीत लेकीला घेऊन जावं का? आणि हरवलो तर?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर: जा, नक्की जा, आणि लेकीला घेऊनच जा. आधी एक सांगते, हे लोक मुद्दाम थंडीत का धावतात असं वाटत असेल तर त्याला कारण आहे. उन्हाळ्यात इथल्या रानात ब्रॅकन म्हणजे नेच्याचं रान माजतं, कमरेच्या वर जातं, काटेरी ब्रॅम्बल वेगळंच, आतून चालताच येत नाही. हिवाळ्यात ते नेच्याचं रान वाळून आडवं होतं आणि लांबपर्यंत दिसतं. म्हणून जंगलातला खरा सीझन शरद ते वसंत. नवीन माणसाला तर जानेवारीच बरा.

आता हरवण्याचं. खेळ एवढाच की नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो ती सुरुवात, मग नंबर घातलेली वर्तुळं म्हणजे कंट्रोल, आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. प्रत्येक कंट्रोलवर पांढरा-केशरी झेंडा लटकवलेला असतो, तिथल्या डब्यात बोटाला लावलेला डिबर, म्हणजे नोंद ठेवणारी छोटी चिप, घालायचा, बीप झालं की पुढे. कंट्रोलवर एक कोड लिहिलेला असतो, ३१ किंवा त्यापुढचा काहीतरी आकडा, तो आपल्या कागदावरच्या कोडशी जुळतोय का ते दर वेळी बघायचंच, कारण त्याच रानात चार-पाच वेगवेगळे कोर्स, म्हणजे ठरवून दिलेले मार्ग, चालू असतात आणि दुसऱ्याच कोर्सचा झेंडा दिसला की नवीन माणूस आनंदाने तिकडे पळतो.

कोर्सला इथे रंगांची नावं असतात. व्हाइट सगळ्यात सोपा, त्यात सगळे कंट्रोल वाटेवर किंवा वाटांच्या फाट्यावर, मग यलो, मग ऑरेंज ज्यात वाट सोडून थोडं आत शिरावं लागतं. तुम्ही दोघी यलो घ्या, नकाशा लेकीच्या हातात द्या आणि तुम्ही मागे चाला, मुलांबरोबर असं चाललेलं चालतं. तुम्ही गड चढलेल्या आहात म्हणून थेट ऑरेंजच्या पुढे उडी मारायचा मोह होईल, तो आवरा. दम असणं वेगळं आणि आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे सतत माहीत असणं वेगळं, आणि थंडीत दुसरं जमत नसेल तर पहिल्याचा फार उपयोग होत नाही.

थंडी वाजते ती धावताना नाही, थांबल्यावर. फाट्यावर उभं राहून नकाशा फिरवत बसलात, पाच मिनिटं गेली, अंगातला घाम गार पडला, बोटं बधिर झाली की डोकंही नीट चालत नाही आणि मग माणूस काहीतरी करायचं म्हणून कुठल्याही दिशेने चालायला लागतो, खरी गडबड इथे होते. म्हणून कपडे थांबण्याच्या हिशोबाने घाला. जीन्स आणि सुती टीशर्ट नको म्हणजे नकोच, ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आतून लोकरीचं किंवा जिमचं सिंथेटिक, वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, पाय पूर्ण झाकलेले, कारण सटन पार्कमध्ये गॉर्स आणि हॉली दोन्ही भरपूर आहेत, आणि दोन्हीचे काटे चांगलेच बोचतात. हातमोजे पातळ घ्या, आणि आधी हातमोजा घाला, मग त्यावर डिबर, उलटं केलं तर प्रत्येक कंट्रोलला मोजा काढत बसाल. जाड मोज्यात अंगठाही नकाशावर नीट ठेवता येत नाही. आणि अंगठा हीच तर सगळी युक्ती आहे बघा, आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा टेकवायचा आणि पुढे जाऊ तसा तो सरकवत न्यायचा, म्हणजे दर वेळी सगळा नकाशा नव्याने शोधावा लागत नाही. नकाशा मात्र उत्तरेकडे वळवून धरायचा, त्यावरच्या उत्तरेच्या रेघा होकायंत्राच्या सुईला समांतर, मग उजवीकडचं तळं खरंच उजवीकडे दिसतं.

रंगही बघून ठेवा, कारण आपल्याला हिरवं म्हणजे जंगल असं वाटतं. इथे पांढरं म्हणजे आरामात धावता येईल असं जंगल, हिरवं म्हणजे दाट झाडी, जितकं गडद तितकं अवघड, पिवळं म्हणजे मोकळं माळरान. निळ्या आडव्या रेघा म्हणजे दलदल, आणि वर बर्फाचा पापुद्रा धरलेला असला तरी त्यावर पाय टाकायचा नाही, खाली चिखलच असतो. तळ्यांचंही तेच, लेकीला घरूनच बजावून ठेवा.

वाट चुकलीच तर मोठी खूण गाठा. सटन पार्कमधून मालगाड्यांची रेल्वे लाइन जाते, मोठी तळी आहेत, ह्यातलं काहीही सापडलं की परत नकाशावर जागा लागते. दोघींच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटाभरात ६ वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत वाजवायची, ही इथली मदतीची खूण.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्ध्यातून सोडलंत, कंटाळलात, लेक रडायला लागली, काहीही होवो, गाडीत बसून परस्पर घरी जायचं नाही. फिनिशजवळच्या टेबलावर जाऊन डिबर वाचून घ्यायचाच. तुमची नोंद आली नाही तर तुम्ही अजून रानात आहात असंच धरतात आणि दिवसभर गारठलेली माणसं तुम्हाला शोधायला परत आत जातात. जानेवारीत चार ते पावणेपाचच्या दरम्यान सूर्य मावळतो, म्हणून कोर्स बंद व्हायची वेळ आधी विचारून ठेवा.

गाडीत कोरडे मोजे, टॉवेल आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा ठेवा. लेकीचे ओले मोजे आधी बदला, खाऊ नंतर.

प्रश्न: मी लेस्टरला शिकतो, एकटाच जाणार आहे. होकायंत्र विकत घ्यायला हवं का? फोनचा जीपीएस वापरला तर चालेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर: फोन जवळ ठेवा, अडीअडचणीसाठी हवाच, पण वाट शोधायला वापरायचा नाही, तो नियमच आहे. आणि गारठ्यात फोनची बॅटरी भरकन उतरते, त्यामुळे तो बंद करून आतल्या खिशात ठेवलेला बरा. होकायंत्र लगेच घेऊ नका, डिबर भाड्याने मिळतो तसं बऱ्याच क्लबांकडे होकायंत्रही तेवढ्यापुरतं मिळतं, आधी मेल करून विचारा. पुढे घ्यायचंच ठरलं तर अंगठ्यात अडकवायचं मिळतं ते घ्या, नकाशा आणि सुई एकाच हातात राहतात. एकटे जाणार आहात तर नावनोंदणीच्या टेबलावर स्पष्ट सांगा की पहिलीच वेळ आहे, कुणीतरी पाच मिनिटं बाजूला घेऊन नकाशा समजावून देतं, लाजू नका. आणि परतीची बस किती वाजता आहे ते बघूनच कोर्स निवडा.