कोरडवाहू रानात गहू येईल का?

तुम्ही विचारलंय की चार एकर काळी जमीन आहे, विहीर जानेवारीत आटते, तर गहू घ्यावा का. माती परीक्षण कराच, पण त्याआधी कुदळ घ्या.

दसऱ्यानंतर रानात दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा खणा. दीड फुटावरच मुरूम लागला, तर गव्हाचा नाद सोडा. तीन फुटांपर्यंत काळी माती असेल, तर फूटभर खालची मूठभर माती घेऊन दाबा. घट्ट गोळा होऊन तळव्याला ओल लागली, तर आशा आहे. भुगा झाला, तर हरभरा किंवा करडई बरी. जिरायत (कोरडवाहू) गहू पावसावर नव्हे, जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. म्हणून खरिपात रान मोकळं ठेवलेलं असेल तर उत्तम, तिथे ओल जास्त टिकते.

खोलगट भागात पांढरे क्षार फुटलेले दिसले, तर मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लपणा) तपासून घ्या. पाणी साचणारा कोपरा तर सोडाच, तिथे गहू पिवळा पडतो.

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, त्यापुढे नको. उशीर झाला की दाणा भरताना ऊन गाठतं. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे पंचवटी, नेत्रावती हे वाण कोरडवाहूसाठीच आहेत. तुमच्या विहिरीचं एकच पाणी मिळणार असेल, तर ते पेरणीनंतर चाळीस-बेचाळीस दिवसांनी द्या. माझ्या मते, पहिल्या वर्षी एकच एकर करून बघा.