सॉकेटवरून वाचताना डेटा संपला हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथनमध्ये सॉकेटवरून (नेटवर्क कनेक्शनचं प्रोग्राममधलं टोक) बाइट वाचणारा रिसीव्ह लूपमध्ये घातलाय, मित्राने लिहिलेल्या सर्व्हरकडून सगळं उत्तर येतं, पडद्यावर दिसतंही, आणि मग प्रोग्राम तिथेच अडकून बसतो. दोन सेकंद काही आलं नाही तर संपलं असं धरलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. या प्रश्नापायी ट्रकवाल्यांचे पैसे बुडताना मी गोव्यातल्या डिचोलीत पाहिलेत, म्हणून एवढं लांब लिहितोय.

तुमचा रिसीव्ह अडकतो कारण समोरच्याने कनेक्शन बंद केलेलं नाही. त्याने बंद केलं, तरच रिसीव्ह शून्य बाइट परत देतो. बाकी वेळ तो वाट पाहतो, ते त्याचं कामच आहे. टीसीपीला, म्हणजे हे बाइट वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलला, तुमचा निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ठाऊकच नसतं. 1981 च्या आरएफसी 793 (टीसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) मध्ये तो बाइटचा ओघ होता आणि 2022 च्या आरएफसी 9293 मध्येही ओघच आहे. खाणीवरून ट्रक वेगवेगळे निघतात, पण धक्क्यावर सगळ्यांचं खनिज एकाच ढिगात पडतं आणि बार्ज (माल वाहणारी मोठी होडी) त्या ढिगातून भरते. बार्जवर उभं राहून कुठला दगड कुठल्या ट्रकचा हे सांगता येत नाही. क्रम मात्र टीसीपी सांभाळतो, एवढाच काय तो फरक.

आता डिचोलीचं सांगतो. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढे आधीच काढून ठेवलेलं खनिज ई-लिलावाने विकलं जाऊ लागलं, त्या काळातली गोष्ट. एका यार्डातल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. काट्याचा इंडिकेटर सतत वजन ओकत असतो, कुणी मागो वा न मागो. आमच्या इंडिकेटरची एक ओळ 16 बाइटची: सुरुवातीला एसटीएक्स, म्हणजे 2 क्रमांकाचा बाइट, मग चिन्ह, आकडे, एकक, वजन स्थिर आहे की हलतंय त्याची खूण, आणि शेवटी ईटीएक्स, 3 क्रमांकाचा. सेकंदाला अशा दहा ओळी. सीरियल केबल एका कन्व्हर्टरमध्ये जायची, तिथून टीसीपीने वायरलेस दुव्यावरून यार्डाच्या ऑफिसात.

आमच्या सीनियर सरांनी कोड लिहिला होता: 16 बाइट रिसीव्ह करा, त्यातले आकडे काढा, पावती छापा. ऑफिसातल्या टेबलावर छान चालला. यार्डात वायरलेसच्या आड भरलेले ट्रक उभे राहिले की पॅकेट हरवायची, पुन्हा पाठवली जायची, तोवर मागचे बाइट साचून एकदम यायचे. 16 मागितले की कधी 16 मिळायचे, कधी 5. रिसीव्हला दिलेला आकडा हा 'जास्तीत जास्त' असतो, 'इतकेच' नव्हे. एकदा तुकडा कमी आला की पुढची प्रत्येक ओळ सरकलेली.

एका ट्रकचं भरलेलं वजन 16,460 किलो, रिकामा 6,200. ओळ नेमकी 1 नंतर तुटली. कोडने पहिला तुकडा फालतू म्हणून टाकला आणि दुसऱ्यातले 6,460 घेतले. पावतीवर निव्वळ माल 260 किलो. ट्रकवाल्याला भाडं टनावर मिळतं. तो पावती घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, "काटो बरो आसा बाबा, तुमचो कंप्युटर पिसो जाला." (पिसो म्हणजे वेडा.) त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. क्लार्कने मात्र त्यालाच ऐकवलं.

सर म्हणाले, नेटवर्क खराब आहे, डेटा यायला वेळ लागतो, वाचण्याआधी 200 मिलिसेकंद थांबा. मी म्हटलं, ओळीची सुरुवात आणि शेवट इंडिकेटर स्वतः सांगतोय, ते दोन बाइट आपण का बघत नाही? उत्तर मिळालं की तू अजून नवीन आहेस. स्लीप टाकला गेला.

हिशेब करून बघा. काटा सेकंदाला 160 बाइट पाठवतो. दर 200 मिलिसेकंदांनी 16 वाचले तर सेकंदाला 80. उरलेले बफरमध्ये, म्हणजे वाचायचे बाइट थांबून राहतात त्या जागेत, साचतात. दर सेकंदाला तुम्ही अर्धा सेकंद मागे पडता, दहा मिनिटांत पाच मिनिटं. म्हणजे काट्यावर उभा असलेला ट्रक वेगळा आणि पडद्यावर दिसणारं वजन मघाशी निघून गेलेल्या ट्रकचं. आधीचा आकडा निदान इतका वेडा होता की डोळ्यांत भरायचा. आताचा अगदी खरा वाटायचा, फक्त दुसऱ्याचा असायचा. हे पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट.

शेवटी वाचणारा भाग मी नव्याने लिहिला. जे येईल ते लगेच उचलून स्वतःच्या बफरला जोडायचं. त्यात एसटीएक्स ते ईटीएक्स अशी पूर्ण ओळ सापडली की कापून घ्यायची, अर्धवट शेपूट पुढच्या वाचनासाठी तसंच ठेवायचं, आणि पावतीसाठी सगळ्यात ताजी, स्थिर खूण असलेली ओळ वापरायची. कोडमध्ये स्लीप एकही नाही. वायरलेस तोच होता, ट्रक तेच होते, चुकीच्या पावत्या थांबल्या. तरी सर बैठकीत नेटवर्क सुधारल्याचंच सांगत राहिले. नेटवर्कला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, उत्तराच्या आधी चार बाइटमध्ये लांबी पाठव. तुम्ही आधी चार बाइट पुरे होईपर्यंत वाचा (तेही एका फटक्यात येतील असं धरू नका), मग तितके बाइट मोजून घ्या आणि थांबा. मजकूर ओळी-ओळींचा असेल तर ओळ संपल्याची खूण पुरते. ईमेलचा एसएमटीपी आजही एकट्या टिंबाच्या ओळीवर पत्र संपवतो, आणि पत्रातच टिंबाने सुरू होणारी ओळ आली तर तिला आणखी एक टिंब जोडतो. वेबचा एचटीटीपी 1.1 लांबी आधी सांगतो किंवा तुकड्या-तुकड्याने पाठवून शेवटी शून्य लांबीचा तुकडा देतो. एका कनेक्शनवर एकच उत्तर जाणार असेल तर मित्राने पाठवून बंद करावं, तुम्ही शून्य येईपर्यंत वाचावं, तेही बरोबरच आहे. लांबीवाल्या पद्धतीत मात्र मोजलेले बाइट पुरे होण्याआधी शून्य आलं तर उत्तर अर्धवट आहे, ते फेकून द्या.

टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, ठेवाच, पण हार मानण्यासाठी. टाइमआउट झाला म्हणजे बिघाड झाला. त्यातून 'काम झालं' असा अर्थ काढणारा कोड मी कुणाचाही पास करणार नाही.

काही गोष्टी राहिल्या. लांबी बाइटमध्ये मोजा, अक्षरांत नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, 'डिचोली' हा शब्द 18 बाइटचा. तुकडा मध्येच तुटला आणि तुम्ही लगेच डीकोड केलं, म्हणजे बाइटची अक्षरं केली, तर पायथन चूक दाखवेल, म्हणून आधी सगळे बाइट गोळा करा. आलेल्या लांबीला वरची मर्यादा घाला, नाहीतर कुणीही चार जीबी सांगून तुमची मेमरी भरेल. नॉन-ब्लॉकिंग (वाट न पाहणाऱ्या) सॉकेटवर 'आत्ता काही नाही' ही वेगळी चूक येते, तिला शेवट समजू नका. आणि हे सगळं टीसीपीचं. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये एक रिसीव्ह म्हणजे एक पॅकेट (मागितलेला आकडा पुरेसा मोठा असेल तर पूर्ण), तिथे हा प्रश्नच नाही.

तपासायचं असेल तर मित्राला सर्व्हरवरून एकेक बाइट पाठवायला सांगा, मध्ये अर्धा-अर्धा सेकंद थांबून. मग दोन उत्तरं एकाला एक चिकटवून एकदम पाठवू दे. मी हे सरांना करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, असं प्रत्यक्षात होत नाही. यार्डात ते रोज होत होतं.