वृत्तनिवेदकाला राज्यकारभार जमतो का?

तुमच्या जिल्ह्यातील एक लोकप्रिय वृत्तनिवेदक विधानसभेला उभे राहण्याच्या तयारीत आहेत, आणि ज्याचे आयुष्य कॅमेऱ्यासमोर गेले त्याला राज्यकारभार जमल्याचे जगात कुठे उदाहरण आहे का, असे तुम्ही विचारले आहे. उदाहरण आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे १९७६ ते १९८५ या काळातील प्रमुख, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, रेने लेवेक. माझ्या मते त्या प्रांताला त्यांच्या तोडीचा नेता पुन्हा लाभला नाही. आमच्या नातेवाइकांत हे मत सर्वमान्य नाही, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

लेवेक वाढले गास्पे द्वीपकल्पावरील न्यू कार्लाइल या गावात. तिथे वरचष्मा इंग्रजी भाषकांचा होता. गावच्या रेडिओ केंद्रावर त्यांनी कोवळ्या वयातच निवेदन सुरू केले, पुढे कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडले, १९४४ मध्ये अमेरिकेच्या युद्ध-माहिती कार्यालयाचे वार्ताहर म्हणून युरोपात गेले आणि जर्मनीतील डाखाऊची नाझी छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथे पोहोचलेल्या पहिल्या वार्ताहरांत ते होते. कोरियाच्या युद्धाचे वार्तांकनही त्यांनी केले. तरी त्यांना घराघरांत पोहोचवले ते १९५६ पासूनच्या ‘पोआँ द मीर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने. एक फळा, एक नकाशा, हातात खडू आणि सिगारेट एवढ्या सामग्रीवर हा ठेंगणा, घोगऱ्या आवाजाचा माणूस सुएझ आणि अल्जीरिया लोकांना उलगडून दाखवत असे. १९५८ च्या अखेरीस रेडिओ-कॅनडा या सरकारी प्रसारण संस्थेच्या फ्रेंच विभागातील निर्मात्यांचा संप सुरू झाला, दोन महिन्यांहून अधिक चालला, आणि ओटावातील केंद्र सरकारने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. इंग्रजी वाहिनी बंद पडली असती तर असे झाले असते का, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. १९६० मध्ये ते लिबरल पक्षातर्फे निवडून आले आणि मंत्री झाले.

आता आमच्या घरातील वादाकडे येतो. आम्ही मॉन्ट्रियलमध्ये पार्क एक्स्टेन्शन भागात राहायला आलो तेव्हा आमच्या मुलीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला नाही, कारण लेवेक सरकारच्या १९७७ च्या भाषाविषयक कायद्यानुसार आमच्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावे लागते. तिला नवागतांच्या वर्गात बसवले. टोरोंटोला स्थायिक झालेले आमचे मेहुणे त्या सुट्टीत आले आणि जेवणाच्या ताटावरच त्यांनी लेवेक यांचा उद्धार सुरू केला. टीव्हीवरचा बोलघेवडा माणूस, लोकांना भुलवून खुर्चीवर बसला, कंपन्या पळवून लावल्या आणि आमच्या भाचीचे वाटोळे केले, असा एकंदर सूर होता. खालच्या मजल्यावरचे, वीजखात्यातून निवृत्त झालेले एक फ्रेंच गृहस्थ तेव्हा आमच्याकडे चहाला आले होते. मेहुण्यांच्या बोलण्यातले ‘लेवेक’ एवढेच त्यांना कळले. त्यांनी मुलीची पाटी मागून घेतली, तिच्यावर आडव्या रेघा ओढल्या आणि खासगी वीज कंपन्या सरकारने विकत घ्याव्यात यासाठी १९६२ च्या निवडणूक प्रचारात लेवेक यांनी वीज कशी समजावून सांगितली होती ते आम्हाला करून दाखवले. निरनिराळ्या खासगी कंपन्या, प्रत्येकीचा वेगळा मुलूख, मॉन्ट्रियलमध्ये वीज स्वस्त आणि गास्पेसारख्या कोपऱ्यात कितीतरी महाग. शिवाय आबितीबी भागात विजेची वारंवारता २५ हर्ट्झ, बाकी ठिकाणी ६०, म्हणजे इकडचे उपकरण तिकडे निरुपयोगी. गिरणीकामगार असलेल्या त्यांच्या वडिलांना आपल्या वीजबिलाचे पैसे कुठे जातात हे त्या फळ्यावरून प्रथम कळले होते. त्या निवडणुकीनंतर १९६३ मध्ये हायड्रो-क्वेबेक या प्रांत सरकारच्या वीज कंपनीने अकरा कंपन्या सुमारे साठ कोटी डॉलरना विकत घेतल्या. कोणाची मालमत्ता हिसकावली नाही, भागधारकांना रोख मोबदला दिला.

मेहुण्यांनी मान डोलावली आणि पुन्हा कंपन्यांवर आले. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये मुख्यालय टोरोंटोला हलवण्याचे जाहीर केले, हे खरेच आहे. परंतु मुंबईतील मराठी शाळा बंद पडतात म्हणून दर गणेशोत्सवात व्यासपीठावरून गळा काढणाऱ्या गृहस्थांनी, आपली भाषा शाळेत टिकवणाऱ्या माणसाला दूषणे का द्यावीत, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. भाचीचे वाटोळे म्हणावे, तर ती आज तीन भाषांत वकिली करते. मेहुण्यांची मुले मराठीतून आजीशी फोनवर चार वाक्येही बोलू शकत नाहीत. तो दोष अर्थात लेवेक यांचा नव्हे.

बोलघेवडेपणाविषयी म्हणाल, तर नुसत्या बोलण्याने निवडून येता आले असते तर क्वेबेकच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःचा पक्ष काढल्यावर १९७० आणि १९७३ मध्ये लेवेक स्वतःच्याच मतदारसंघात पडले नसते. सत्ता आल्यावर १९७७ मध्ये त्यांनी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्याकडून राजकीय पक्षांना देणग्या घेण्यास बंदी घातली. देणगी फक्त मतदाराने द्यायची, तीही वर्षाला तीन हजार डॉलरपर्यंत. असा कायदा करण्याची छाती किती मुरब्बी पुढाऱ्यांना झाली असती?

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. क्वेबेकच्या सार्वभौमत्वासाठी कॅनडाशी बोलणी करावीत का, यावरील मे १९८० च्या सार्वमतात त्यांच्या बाजूने जेमतेम ४० टक्के मते पडली. मंदीच्या काळात त्यांनी सरकारी नोकरांचे पगार कापले आणि आपलेच मतदार दुखावले. स्वातंत्र्याचा मुद्दा बाजूला ठेवताच १९८४ मध्ये मंत्री सोडून गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना पायउतार व्हावे लागले. लोकांना समजावणे जमले, पक्षाला समजावणे अखेरीस जमले नाही. भाषेचा कायदा मुख्यतः कामीय लोरँ या मंत्र्यांचा. लेवेक यांना तो थोडा जाचकच वाटत होता. (आमच्या मेहुण्यांच्या हाती हे उत्तर लागू नये, ही इच्छा आहे.)

तुमच्या निवेदकांना मी ओळखत नाही. ते रोज चार प्रवक्त्यांना एकमेकांवर ओरडायला लावत असतील तर लेवेक यांचे उदाहरण त्यांच्या उपयोगाचे नाही. त्यांच्या पहिल्या सभेला जा, तालुक्यातल्या पाणीपुरवठा योजनेचे पैसे कुठे अडले आहेत ते विचारा, आणि निवडणुकीचा खर्च कोण करणार आहे तेही विचारा.